चेनला बांधलेल्या दोरीबद्दल, काका, तुमचे आभार

ति. काकांस,
सा. न. वि. वि.

समोर येऊन आभार मानले असते तर तुम्ही ‘अहो, त्यात काय एवढं’ म्हणून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला असतात. म्हणून लिहिते आहे, आणि चारचौघांना वाचता येईल असं लिहिते आहे. उत्तराखंडातल्या केदारकंठा शिखराचा ट्रेक झाला. डिसेंबरअखेरीस, भरपूर बर्फात, तुमच्याकडून घेतलेल्या जॅकेटात. सॅक अजून पुरती रिकामी केलेली नाही, पण हे आधी.

तुमच्या दुकानाची पायरी चढेपर्यंत मी काय काय ऐकून आले होते, ते त्या दिवशी बोलले नाही. ट्रेकला नेणाऱ्यांनी सामानाची यादी पाठवली, त्यात ‘एक गरम जॅकेट’ एवढंच. कसलं, किती गरम, असं विचारलं तर उत्तर आलं, ‘मॅडम, चांगल्यातलं घ्या.’ चांगल्यातलं शोधायला एका झगमगीत दुकानात गेले. तिथल्या मुलाने आधी माझ्या चपला बघितल्या, मग पंधरा हजारांचं जॅकेट काढलं आणि ‘मायनस ट्वेंटी आहे’ म्हणाला. कुणासाठी मायनस ट्वेंटी? चालणाऱ्याला की बसलेल्याला? ते त्याला ठाऊक नव्हतं. माझ्याकडे तीन हजार आहेत म्हटल्यावर, ‘मग रस्त्यावर स्वेटरवाले बसतात ना, तिथे बघा.’ दुसरीकडे तर ‘या वयात केदारकंठा?’ यावरच गाडी अडली, जॅकेट राहिलं बाजूला. पावसाळ्यात हरिहर गडाच्या पायऱ्या उतरताना माझं वय कुणी विचारत नाही. ऑनलाइन मागवलेलं आलं ते इतकं पातळ, की आत हात घातला तर बाहेरून बोटं मोजता यावीत. त्यावरही ‘मायनस फिफ्टीन’ छापलेलं होतंच.

मग जुन्या नाशकातल्या तुमच्या बोळात आले. एकही जॅकेट न काढता तुम्ही प्रश्नच सुरू केलेत. कुठे जाताय, कोणत्या महिन्यात, रात्री तंबू की घर, घाम फार येतो का, थंडी चालताना वाजते की थांबल्यावर. आणि शेवटी, घरात काय काय आहे. अंगालगत घालायचे थर्मल आहेत, त्यावर घालायचं मऊ फ्लीस आहे, असं मी सांगितलं. ‘आणि रेनकोट?’ रेनकोट नसलेला सह्याद्रीतला माणूस दाखवा, म्हटलं, तेव्हा तुम्ही पहिल्यांदा हसलात. ‘मग वारा अडवायची सोय झाली. तुम्हाला आता फक्त मधला थर हवाय.’ पंधरा हजारांचं प्रकरण तिथेच दोन हजार चारशेंवर आलं.

कागदाच्या कपट्यावर तुम्ही केलेला हिशेब मी जपून ठेवलाय. ट्रेक जिथून सुरू होतो ते सांक्री गाव साधारण १,९५० मीटरवर, केदारकंठ्याचा माथा ३,८०० च्या आसपास, दर हजार मीटरला पारा अंदाजे साडेसहा अंश उतरतो. म्हणजे गावात जी थंडी असेल तिच्यातून आणखी बारा अंश वजा, वर वारा वेगळा. एवढं साधं गणित आधी कुणीच मांडून दाखवलं नव्हतं. आणि हेही तुम्हीच सांगितलंत की स्लीपिंग बॅगसाठी निदान ठरलेली चाचणी असते. ट्रेकिंगच्या जॅकेटांवर मात्र जो तो आपापल्या हिशेबाने आकडा छापतो.

माझी नजर भिंतीवरच्या पिसांच्या जॅकेटवरून हलत नव्हती, हे तुमच्या लक्षात आलं. विकायचं असतं तर तेच विकलं असतंत, मी वाकलेच होते. तुम्ही ते काढून ट्यूबलाइटसमोर धरलंत. शिवणींच्या रेघांतून उजेड आरपार. ‘शिवणीत पीस नाही. पीस नाही तिथे थंडी.’ त्यावरचा ६५० हा आकडा मला गरमाईचा वाटत होता. तो निघाला एक औंस पिसं फुलून किती घनइंच जागा व्यापतात त्याचा. पिसं कोणत्या प्रतीची ते त्यावरून कळतं, किती भरलीत ते कळत नाही. चांगलं पिसांचं जॅकेट हलकं आणि गरम असतं हे तुम्ही नाकारलं नाहीत, पण भिजलं की पिसं चिकटून बसतात, आणि तीन हजारांत मिळेल त्यात ती असणार तरी किती? त्यापेक्षा पॉलिस्टरचं भरण असलेलं घ्या, टोपीवालं, फ्लीसवर बसेल असं एक माप मोठं. वजन जरा जास्त, पण ओलं झालं तरी अगदीच हात वर करत नाही.

मधेच तुमचा चहा आला आणि तो ढवळत तुम्ही जॉर्ज फिंचची गोष्ट सांगितलीत. १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेसाठी त्याने बलूनच्या कापडात पिसं भरून कोट शिवून घेतला, आणि लोकरी कपड्यांतले बाकीचे साहेब त्याला हसले. वर थंडी पडल्यावर हसू गेलं. दुकानात येणाऱ्या किती जणांना ही गोष्ट ऐकायला मिळते कोण जाणे.

पण पत्र लिहायला बसले ते यातल्या कशामुळेच नाही. पैसे देऊन झाले होते. जॅकेट पिशवीत घालता घालता तुम्ही थांबलात आणि चेन वरखाली करून पाहिलीत. तिच्या टोकाचा पत्रा नखाएवढा. ‘हातमोज्यात हे सापडायचं नाही.’ गल्ल्याखालच्या डब्यातून नारिंगी बारीक दोरी काढलीत, बोटभर तुकडा कापलात, टोकं उसवू नयेत म्हणून लायटरवर धरून वितळवलीत, पत्र्याच्या भोकातून ओवून गाठ मारलीत. मग कुठले तरी जाडजूड हातमोजे माझ्यापुढे ठेवून म्हणालात, ‘घाला आणि ओढून बघा.’ मागे तंबू भाड्याने न्यायला आलेली कॉलेजची पोरं ताटकळली होती. तरी तुम्ही मला पुन्हा एकदा ओढायला लावलंत. दोरीचे किती, असं विचारलं, तर ऐकू न आल्यासारखं केलंत.

माथ्याच्या दिवशी पहाटे तीनला निघालो. बाटलीच्या तोंडाशी बर्फ धरला होता. चालताना जॅकेट सॅकमध्ये, सगळ्यात वर. घामाने आतून भिजवू नका आणि थांबलात की थंडी वाजायच्या आत घाला, ही तुमची ताकीद होती. शेवटच्या चढाखाली रांग खोळंबली आणि वारा सुटला. माझ्या पुढच्या मुलाला चेन सापडेना, म्हणून त्याने हातमोजा दातांत धरून काढला. तो सुटला आणि उतारावरून गडगडत गेला. पुढचा तासभर तो पोरगा एक हात काखेत घालून चढत होता. मी अंधारात चाचपून दोरी धरली, ओढली, चेन हनुवटीपर्यंत बंद. वर रेनकोट. उजाडलं तेव्हा समोर स्वर्गारोहिणी, बंदरपूंछ ही शिखरं, आणि माझ्याकडे ते बघायला सवड होती. शेजारी जो तो पाय आपटत होता.

तक्रार करायचीच तर ही, की जॅकेट सॅकमधली अर्धी जागा खातं आणि फोटोत मी गुंडाळलेल्या गादीसारखी दिसते. चालेल.

त्या झगमगीत दुकानातल्या मुलावर आता राग उरला नाही. त्याला कुणी काही शिकवलंच नसणार. पण गिऱ्हाइकाच्या चपलांवरून त्याची लायकी ठरवू नये, याचं का शिक्षण लागतं? बँकेत, दवाखान्यात, एसटीच्या खिडकीवर, सगळीकडे हेच. आपल्याकडे किती आहेत हे सांगताना माणसाचा आवाज आपोआप खाली जातो. मी ‘तीन हजार’ म्हटलं तेव्हा तुम्ही ‘बरं’ म्हणालात आणि कामाला लागलात. त्या ‘बरं’ने मला किती हलकं वाटलं, हे तुम्हाला कळलंही नसेल. अशी माणसं आहेत म्हणून आमच्यासारख्यांचं निभतं, आणि ती बहुधा पाटी पुसट झालेल्या दुकानांतच सापडतात.

जॅकेट तुम्ही सांगितल्याप्रमाणे कपाटात टांगून ठेवलंय, पिशवीत कोंबलेलं नाही.

आता एक काम. माझा भाचा उत्तरकाशीला नेहरू इन्स्टिट्यूटच्या गिर्यारोहणाच्या बेसिक कोर्सला निघालाय. त्याला ट्यूबलाइटवालं तेच पिसांचं जॅकेट हवंय आणि आईकडे त्याचा हट्ट चालू आहे. शनिवारी दोघांना तुमच्याकडे पाठवते. लागणार असेल तर द्या, नसेल तर तुमच्या पद्धतीने समजवा. माझं तो ऐकत नाही.

आपली,
केदारकंठावाली ताई