थर्मल कॅमेऱ्याला भिंतीपलीकडचे दिसत नाही

संपादक महोदय,

आपत्तीनंतरच्या शोधकार्याच्या बातम्यांत थर्मल कॅमेरा भिंतीपलीकडचे, ढिगाऱ्याखालचे माणूस टिपतो, अशा अर्थाची वाक्ये वारंवार वाचायला मिळतात. ती चुकीची आहेत. त्यातूनच ‘कॅमेऱ्यात काही आले नाही, म्हणजे तिथे कोणी नाही’ असा समज पसरतो, आणि अडकलेल्या माणसाच्या तो जिवावर बेतू शकतो.

प्रत्येक वस्तू तापमानानुसार अवरक्त (इन्फ्रारेड), म्हणजे डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे किरण सोडते. डोळ्यांना दिसणारा प्रकाश साधारण 0.4 ते 0.7 मायक्रोमीटर (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीचा. आपल्या त्वचेतून निघणारे किरण मात्र साडेनऊ मायक्रोमीटरच्या आसपास सर्वांत तीव्र असतात. ते सेन्सरवरच्या अतिसूक्ष्म बिंदूंना किंचित तापवतात, बिंदूंचा विद्युतरोध बदलतो आणि त्यावरून चित्र उमटते. लाल-पिवळे रंग मागाहून भरलेले असतात. म्हणजे हा कॅमेरा पृष्ठभागाची ऊब टिपतो, आतले काही नाही. भिंतीवर गरम पट्टा दिसला तर मागच्या गरम पाण्याच्या पाइपने ती भिंतच तिथे तापलेली असते.

भिंत राहू द्या, खिडकीची साधी काचही हे किरण अडवते. काचेमागचा माणूस दिसत नाही, उलट कॅमेरा धरणाऱ्याचेच प्रतिबिंब दिसते. म्हणून तर या कॅमेऱ्यांची भिंगे काचेची नसतात, तर बहुधा हे किरण आरपार जाऊ देणाऱ्या जर्मेनियम या मूलद्रव्याची असतात. पातळ काळ्या प्लास्टिक पिशवीतून मात्र हे किरण सहज आरपार जातात! पाण्याचा मिलिमीटरभर थरही त्यांना पुरेपूर शोषतो; बुडालेल्याचे पाण्याबाहेर असलेले डोकेच काय ते दिसेल. आगीच्या धुरातून हा कॅमेरा चांगले पाहतो, अग्निशमन दलाला त्याचा मोठा आधार आहे. दाट धुके आणि मुसळधार पाऊस यांत मात्र त्याचा पल्ला फार घटतो. भर दुपारी जमीन शरीराइतकी तापली की उघड्यावरचा माणूसही तिच्यात मिसळून जातो. चकचकीत धातूचा लेप दिलेले, थंडीपासून वाचवणारे पांघरूण अंगावर असेल तर ऊब आतच राहते आणि माणूस कॅमेऱ्यातून जवळजवळ नाहीसा होतो. सुटकेची वाट पाहणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावे.

आपल्या वार्ताहरांना एक कळकळीची विनंती आहे. ‘थर्मल ड्रोनने शोध घेतला, कोणी आढळले नाही’ असे छापताना शोध दिवसा झाला की रात्री, उघड्या मैदानात की झाडीत की ढिगाऱ्यावर, आणि श्वानपथक किंवा आवाज टिपणारी उपकरणे सोबत होती का, हेही त्याच बातमीत द्यावे.

– एक वाचक