यीस्टने केलेली चहाडी

ती. आई-बाबा,

सुखरूप पोचल्याचं फोनवर सांगितलंच आहे. बॅग मात्र काल रात्री उघडली. आई, तू कपड्यांच्या घड्यांत सरकवलेला केक एका बाजूने चेपला होता. चेपलेली बाजू रात्रीच संपवली. उरलेला आज ऑफिसात न्यायचा विचार होता, पण एवढी उदार मी नाही. तो समोर ठेवूनच लिहायला बसले आहे, कारण हे फोनवर जमणार नाही. फोनवर आपण तिघंही फार पटाईत झालोय. "कसे आहात?" "मजेत." "जेवलीस?" "हो." झालं.

तर यीस्टबद्दल.

पहिल्याच सकाळी मी ब्रेडचं पीठ मळायला घेतलं, तेव्हा तू म्हणालीस, "आज राहू दे गं, प्रवासाने दमली असशील." मी ऐकते होय! तास झाला, दोन तास झाले, गोळा आपला ढिम्म. तू म्हणालीस, हवा थंड आहे. बाबा म्हणाले, मीठ जास्त पडलं असेल. (मीठ मी वजन करून घातलं होतं, पिठाच्या दोन टक्के. पण असो.) शेवटी त्याच डब्यातलं चमचाभर यीस्ट साखरेच्या कोमट पाण्यात टाकून बघितलं. जिवंत असेल तर दहा मिनिटांत वर फेस धरतो. मी वीस मिनिटं थांबले. सगळं तळाशी गाळासारखं बसून राहिलं. मग डबा फिरवून तारीख वाचली. मुदत संपून दोन वर्षं झाली होती.

आणि आई, गेल्याच महिन्यात तू मला सांगितलं होतंस की ब्रेड काय सुंदर फुगला होता म्हणून.

मी तेव्हा काही बोलले नाही. नवं यीस्ट आणते म्हणाले आणि डबा टाकून दिला. पण त्यानंतर दहा दिवस मी तुझे हातच बघत होते. बरणीचं झाकण उघडायचं असलं की तू ती बाबांकडे सरकवतेस. बाबा पेपरमधून मान वर न करता झाकण सैल करतात आणि बरणी परत सरकवतात. कोणी कोणाला काही म्हणत नाही. इतकी सफाई दोन-चार दिवसांत येत नाही. मनगटं कधीपासून दुखतात तुझी? केक तू अजून करतेस, कारण बटर आणि साखर फेटायचं काम "यांना तेवढाच व्यायाम" म्हणत तू बाबांच्या गळ्यात घातलं आहेस. ब्रेडचं मळणं मात्र तसं खपवता आलं नसणार, म्हणून ब्रेडच बंद. बरोबर ना?

बाबा, तुम्हाला एक सांगते, म्हणजे फेटताना कुरकुर कराल ती जरा कमी कराल. फेटताना साखरेच्या दाण्यांमुळे बटरमध्ये हवेचे बारीक बुडबुडे अडकतात. बेकिंग पावडर नवे बुडबुडे करत नाही, असलेलेच फुगवते. तेव्हा आईच्या केकचं जे कौतुक होतं त्यातलं निम्मं तुमच्या खांद्याचं आहे. आई हे मान्य करणार नाही.

आता तुमच्याकडे वळते. ओव्हनसमोर स्टूल टाकून, हात मांडीवर ठेवून तुम्ही बसता, त्याचे मी पहिल्या दिवशी फोटो काढले. किती गोड, असं वाटलं. मैत्रिणींना पाठवलेसुद्धा. चौथ्या दिवशी आई बाहेर गेली होती आणि मी आतल्या खोलीत होते. टायमर वाजायला लागला, तो वाजतच राहिला. धावत आले तर तुम्ही त्याच्यापासून दोन हातांवर बसून काचेतून आत बघत होता. माझ्याकडे वळून म्हणालात, "रंग आला बरं का, टायमर बहुतेक बिघडलाय."

बाबा, टायमर बिघडलेला नाही. वय वाढतं तसे आधी उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात, आणि त्या टायमरची पिपाणी नेमकी त्याच पट्टीतली आहे. तुम्ही स्टुलावर बसता ते केक फुगताना बघायला आवडतं म्हणून, असं मी समजत होते. ते फोटो अजून फोनमध्ये आहेत. आता बघवत नाहीत, पुसवतही नाहीत.

मीही तिथे येऊन काही फार शहाण्यासारखी वागले नाही. वजनकाटा काय, ओव्हनचा थर्मामीटर काय! आईचा तो कान तुटलेला कप दोनदा भरून मैदा काट्यावर ठेवला, एकदा 128 ग्रॅम भरला आणि एकदा 151. मी विजयी मुद्रेने आकडे दाखवले. आई म्हणाली, "मग, बिघडला का कधी माझा केक?" नाही बिघडला. कारण पीठ घट्ट दिसलं की तू दूध वाढवतेस, आणि चमच्यावरून ते कसं पडतं तेवढं बघून थांबतेस. हा हिशोब माझ्या काट्यात नाही. मी उगाच बडबडले, त्याबद्दल सॉरी.

थर्मामीटरचं मात्र मागे घेणार नाही. डायल 180 वर असताना आत 200 भरतं. केकचं डोकं दर वेळी फुटतं ते त्यामुळे. बाहेरची बाजू आधी आवळते, आतलं पीठ मग फुगायला लागतं आणि वाट काढत वर येतं. बाबांनी डायलच्या पुसलेल्या आकड्यांजागी नेलपॉलिशचे ठिपके दिलेत, ते राहू देत. फक्त एक ठिपका मागे लावायचा.

आता मुद्द्याचं. न मळता ब्रेड होतो. शेवटच्या दोन दिवसांत केला तो तसाच होता. मी मुद्दामच फार बोलले नाही, आईला वाटलं असतं की तिच्यासाठी खास शोधून आणलाय. (आणलाच होता.) 400 ग्रॅम मैदा, 300 ग्रॅम पाणी, आठ ग्रॅम मीठ आणि यीस्ट फक्त पाव चमचा. लाकडी चमच्याने ढवळायचं आणि झाकून रात्रभर विसरून जायचं. आपण मळून जे करतो ते पाणी आणि वेळ मिळून करतात. बारा तासांनी वर बुडबुडे दिसतील. मग ओल्या हाताने दोन-तीन घड्या घालून, तेल लावलेल्या ब्रेडच्या टिनमध्ये ओतल्यासारखं सोडायचं आणि तासभर ठेवायचं. लोक हा ब्रेड जाड बुडाच्या झाकणाच्या भांड्यात भाजतात, वाफ कोंडली की कवच छान येतं म्हणून. ते करू नका. तापलेलं जड भांडं दोघांनीही उचलायचं नाही. टिनवर फॉइल लावा, पंचवीस मिनिटांनी काढा, पुढे वीसेक मिनिटं रंग येईपर्यंत. ओव्हनमध्ये 220 हवेत, म्हणजे तुमचा डायल 200 वर.

आणि बाबा, गरम ब्रेड कापायचा नाही. आतलं स्टार्च निवताना बसतं, तोवर सुरी लावली की चिकट लगदा होतो. हे तुम्हाला दोन्ही दिवस सांगितलं आणि दोन्ही दिवस तुम्ही ओट्यापाशी उभ्या-उभ्या टोक तोडून, बटर लावून, फुंकर मारत खाल्लंत. दुसऱ्या दिवशी मीही खाल्लं. ब्रेड फ्रीजमध्ये मात्र ठेवू नका, तिथे तो लवकर शिळा होतो. स्लाइस करून सरळ फ्रीझरमध्ये टाका.

आता माझंही सांगून टाकते. "जेवलीस?" ला मी जो "हो" म्हणते, त्यातला आठवड्यातून तीनदा तरी तो बिस्किटं आणि दूध असतो. आई, तू फ्रीजमध्ये माझ्यासाठी जागा करत होतीस आणि मी ताटात दुसऱ्यांदा वाढून घेत होते, तेव्हा तू बाबांकडे बघितलंस. ते मी बघितलं.

मनगटं डॉक्टरांना दाखवा आणि कानही तपासून घ्या. एकाच दिवशी जा, म्हणजे एकमेकांना सोबत म्हणून गेल्यासारखं दोघांनाही म्हणता येईल.

तुमची,
लेक

ता. क. यापुढे ब्रेड केल्याचं सांगितलंस तर कापलेल्या स्लाइसचा फोटो लागेल. मीही ताटाचा पाठवीन. बाबा, नवा टायमर पाठवते आहे. तो खिशात ठेवायचा, वाजत नाही, थरथरतो. स्टूल तिथेच राहू द्या.