देवळ्या ठेवून घ्या

नाशिक, १८ मे

ती. आई आणि बाबा यांस सा. नमस्कार.

परवा फोनवर बोलणं अर्धवट राहिलं, मध्येच रेंज गेली. म्हणून हे पत्र दुधाच्या गाडीबरोबर पाठवतेय, सोबत एक खोकंही आहे. आधी पत्र वाचा, मग खोकं उघडा.

मळ्यातल्या घरात अजून वीज नाही. विजेचा अर्ज पुढे सरकेल तेव्हा सरकेल, पण पावसाळा तिथेच काढायचा हे तुमचं नक्की झालंय. मी दिलेले दोन सौर दिवे आहेत, ते वापराच. पण गेल्या आषाढात तुम्ही आठ दिवस तिथे होतात आणि ऊन असं पडलंच नाही, तेव्हा तिसऱ्या रात्रीच ते दिवे काजव्याइतके झाले होते. त्र्यंबकच्या बाजूचा पाऊस माहीतच आहे तुम्हाला. जळणाचा दिवा घरात हवाच, त्याबद्दल माझं दुमत नाही. पण बाबा, तुम्ही म्हणालात ना, "चार चिमण्या करून घेऊ डब्याच्या, काम भागतं", ते मला मान्य नाही. डब्यात रॉकेल आणि वात घालून केलेली असली एकही चिमणी त्या घरात पेटू नये, एवढं माझं ऐका.

आई, तुझ्या उजव्या हाताला कोपराखाली तो गुळगुळीत डाग आहे. मी तेव्हा सात वर्षांची होते. चिमणी चुलीजवळच्या फळीवर होती, तू वाकून डब्यातून पीठ काढत होतीस आणि पदर लागला. बाबांनी खुंटीवरची घोंगडी ओढून तुझ्याभोवती गुंडाळली, मग कुणीतरी शाईची दौत आणून अख्खी हातावर ओतली. तुझा तो निळा हात आणि तोंडातून आवाज न काढता हलणारे तुझे ओठ मला अजून दिसतात. भाजल्यावर वीस मिनिटं साध्या गार पाण्याची धार धरायची असते, शाई नाही, टूथपेस्टही नाही. हे तेव्हा आपल्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

चिमणीला काच नसते, बूड हलकं असतं, ज्योत उघडी असते. शिवाय धूर. साध्या वातीच्या उघड्या दिव्यात जळणाऱ्या रॉकेलाचा सात ते नऊ टक्के भाग नुसती काजळी होऊन हवेत जातो, असं मोजून सिद्ध झालेलं आहे. सकाळी नाक शिंकरलं की रुमाल काळा व्हायचा, आठवतं? बाबा, तुमच्या दम्याला ते आता अजिबात झेपणार नाही.

गॅसबत्तीचा विषय तुमच्या जिव्हाळ्याचा आहे, ते मला माहीत आहे. सप्ताहात बत्ती पेटवायचा मान तुमचा असायचा. स्पिरिट जाळून नळी तापवायची, पंप मारायचा, मेंटल, म्हणजे आतली ती जाळी, आधी पिवळी आणि मग एकदम पांढरीशुभ्र, आणि तो सूंऽ आवाज. आम्ही पोरं त्या उजेडासाठीच देवळात यायचो. त्या जाळीची करामत ऑस्ट्रियातल्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाख नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं १८८५ च्या सुमारास शोधून काढली. ज्योतीचा उजेड वापरायचाच नाही, ज्योतीनं जाळी तापवायची आणि उजेड जाळीनं द्यायचा, ही त्यातली कल्पना. तीनशे-चारशे मेणबत्त्यांचा उजेड मिळतो तो त्यामुळेच. पण मोठी बत्ती १ लिटर रॉकेल आठ तासांत संपवते, खोलीची भट्टी करते, आणि दारं-खिडक्या लावलेल्या घरात तिचा विषारी वायू साठतो. त्याला वासही नसतो. थंडीत सगळं गच्च बंद करून बसायची तुमची सवय मला ठाऊक आहे. म्हणून बत्ती ठेवा, पण अंगणासाठी. कुणाची गाय व्यायली, पाहुणे आले, भजन असलं तर तीच लावा. आणि जुन्या मेंटलची राख फुंकू नका, ओल्या फडक्यानं टिपून टाका. जुन्या मेंटलमध्ये थोरियम हा किरणोत्सर्गी धातू असायचा, तो छातीत जायला नको.

आता खोकं उघडा. आत दोन कंदील आहेत. ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील आता कुठून मिळायचा, पण हे हातात धरून, हलवून, झाकण लावून, दोन दुकानं फिरून घेतलेत. टाकीचा सांधा बोट फिरवून पाहिला, कुठे ओल नाही. बाजूच्या दोन नळ्या हात धरायला दिलेल्या आहेत असं मला लहानपणी वाटायचं. त्यांच्यातून ज्योतीला हवा जाते, म्हणून वाऱ्यातही कंदील विझत नाही. त्या नळ्या चेपल्या तर कंदील धुरकटच जळणार. उजेड आठ-दहा मेणबत्त्यांचा, जेवायला, भाजी निवडायला पुरे. बाबांना वाचायला पुरणार नाही, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तर नाहीच. वाचन दिवसा करा, किंवा त्यासाठी सौर दिवा राखून ठेवा.

वातीचं मात्र नीट ऐका, सगळा उजेड तिच्यात आहे. नवी वात घालण्याआधी उन्हात वाळवा, घातल्यावर पंधरा-वीस मिनिटं रॉकेल पिऊ द्या, मग पेटवा. कोरडी पेटवली तर वातच जळते. आई, तुझ्या शिवणाच्या कात्रीनं वात सरळ काप आणि दोन्ही कोपरे अगदी किंचित छाट. कोपरे राहिले तर ज्योतीला दोन शिंगं फुटतात आणि काच एका बाजूनं काळी होते. उजेड कमी वाटला की आपण वात वर करतो, त्यानं उजेड नाही, धूर वाढतो. काच सकाळी थंड असताना राखेनं आणि वर्तमानपत्रानं पुसायची. तापलेल्या काचेवर पाण्याचा एक थेंब पडला तरी ती तडकते. दोन जादा काचा कागदात गुंडाळून तळाशी ठेवल्यात.

रेशनच्या निळ्या रॉकेलाचे दिवस गेले, गॅस असलेल्या कार्डावर ते मिळत नाही. खुल्या विक्रीचं पांढरं रॉकेल मी शनिवारी स्वतः आणते. एक कंदील तासाला साधारण २० मिली जाळतो, म्हणजे रोज पाच तास लावला तरी महिन्याला ३ लिटरच. रॉकेल संपलं तरी मोटारसायकलमधलं पेट्रोल त्यात चमचाभरही घालायचं नाही. रॉकेलाची वाफ पेट घ्यायला ते ३८ अंशांच्या आसपास तापावं लागतं, पेट्रोलची वाफ कडाक्याच्या थंडीतही पेटते, आणि मग टाकीच फुटते. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीला जातो, म्हणून रॉकेलाचा कॅनही उन्हात ठेवू नका. पाण्याच्या बाटलीत तर कधीच ओतू नका, सुट्टीत पोरं येतात. पेटत्या कंदिलात भर घालायची नाही. जवळ वाळूची बादली ठेवा, पेटलेल्या रॉकेलावर पाणी ओतलं की आग पसरते.

आई, रात्री उशाला काहीतरी मिणमिणतं हवं असतं तुला. त्यासाठी भांडी बाजारातून पितळेची छोटी समई घेतलीय. तिळाचं तेल घाल, नाहीतर एरंडेल, ते सावकाश जळतं. हे तेल दाट असतं, वातीतून फार वर चढत नाही, म्हणून समईची वाटी उथळ आणि ज्योत अगदी काठावर. कंदिलात हे तेल घातलं तर वात नुसती जळून जाईल. पण समई कलंडली तरी तेल रॉकेलासारखं भडकत नाही, दोनशे अंशांच्या वर तापल्याशिवाय ते पेटत नाही, बहुतेक वेळा वातच त्यात बुडून विझते. गोधडीपासून मात्र ती लांबच ठेव.

आणि ज्यासाठी आज घाईनं लिहायला बसले ते राहिलंच. गवंडी अजून घरी आहे ना? मग त्याला सांगून भिंतीत देवळ्या, म्हणजे दिवा ठेवायचे कोनाडे, ठेवून घ्या. एक माजघरात, एक स्वयंपाकघरात चुलीपासून लांब, एक न्हाणीच्या वाटेवर. आजीच्या घरात होत्या तशा, छातीच्या उंचीला, पदराच्या आणि लेकरांच्या हाताबाहेर. हातभर खोल, आणि कंदिलाच्या डोक्यावर आणखी हातभर मोकळं. आतून पांढरा चुना काढायचा. आजी दर दिवाळीला काढायची, तो शोभेसाठी असतो असं मी समजत होते. चुन्यावरून उजेड परत खोलीत येतो, नाहीतर अर्धा भिंतच पिऊन टाकते. ओसरीत तुळईला एक कडी लावा, कंदिलाच्या वर दोन हात मोकळे राहतील अशी.

शनिवारी सकाळच्या एसटीनं येते. गिलावा व्हायच्या आत देवळ्या झाल्या पाहिजेत, तर गवंड्याला शुक्रवारपर्यंत थांबवून ठेवा. त्याची मजुरी मी देईन. चुना भिजवून ठेव आई, देवळ्यांना हात मी फिरवणार आहे.

तुमची,
थोरली