पिवळी जर्सी घातली म्हणून कोणी मराठवाड्याचा राहत नाही का?

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात एका काकांचं पत्र वाचलं. त्यांचं म्हणणं असं की मराठवाड्यातली पोरं आयपीएलमधल्या चेन्नई (पिवळी), बेंगळुरू, हैदराबादच्या जर्स्या घालून फिरतात, यांना आपल्या मातीचा अभिमान नाही, मराठी माणसानं मुंबईच्याच मागं उभं राहिलं पाहिजे. काकांचं वय मोठं असेल, मान आहे, पण काही गोष्टी बोलल्याशिवाय राहवत नाही.

मी नांदेडचा. आमच्याहून मुंबई रेल्वेनं सहाशे किलोमीटर, रात्रभर देवगिरी एक्सप्रेसमध्ये बसा तेव्हा कुठं सकाळी उतरता, आणि हैदराबाद त्याच्या निम्म्याहून कमी. दवाखाना असो, लग्नाचा बस्ता असो नाहीतर विमान पकडायचं असो, आम्ही हैदराबादला जातो, मग मॅच बघायला पण तिथल्या उप्पल स्टेडियमलाच जाणार ना. आता कोणी म्हणेल निजामाच्या गावाला काय टाळ्या वाजवता, तर बाबा १७ सप्टेंबर १९४८ ला तो विषय संपला, आमच्या आज्यानं झेंडा लावला तेव्हा, हैदराबादच्या सनरायझर्स टीमचा त्याच्याशी काय संबंध.

आणि गंमत बघा, महाराष्ट्राच्या दोन टीम आयपीएलच्या फायनलला एकमेकांविरुद्ध खेळल्या, २०१७ ला, मुंबई आणि पुणे, ती मॅच कुठं झाली? हैदराबादला! मुंबईच्या फक्त १२९, पुण्याला एवढं पण जमलं नाही, एका रननं हरले. आमच्या गल्लीतली पोरं गाडी करून गेली होती, अर्धे मुंबईच्या निळ्या बाजूचे अर्धे पुण्याचे, येताना कामारेड्डीपर्यंत कोणी कोणाशी बोलंना. मग त्या पुण्याच्या टीमचं काय झालं? दोन वर्षांचाच करार होता, संपला, टीम गायब. त्याच्या आधीची पुणे वॉरियर्स पण २०११ ते २०१३ एवढीच टिकली. ज्यांनी पुण्याच्या टोप्या घेतल्या होत्या त्यांनी काय करायचं सांगा काका, दर तीन वर्षांनी नवीन निष्ठा काढायची का? उलट चेन्नई दोन वर्षं बंदीत होती, २०१८ ला परत आली, कावेरीच्या आंदोलनामुळं त्यांचे होम सामने पुण्याजवळच्या गहुंज्याच्या स्टेडियमला हलवले तर तिकडचे लोक स्पेशल रेल्वेनं चेन्नईहून पुण्याला आले. याला म्हणतात पब्लिक, आणि अशी पब्लिक बघून आपल्या पोराला पण वाटतं की आपण यांच्यात असावं, त्यात चूक काय मला कळत नाही.

पण आमच्याकडं चेन्नईचा पिवळा रंग यायचं खरं कारण वेगळं आहे. तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर. अंडर-१९ वर्ल्ड कप जिंकून आला, चेन्नईनं दीड कोटीला घेतला, आणि २०२३ च्या आयपीएलच्या पहिल्याच मॅचला अहमदाबादमध्ये गुजरातच्या तीन विकेट काढल्या. त्या रात्री धाराशिव, लातूर, नांदेड सगळीकडं एकच विषय. त्याला पुढं जास्त मॅच मिळाल्या नाहीत हे खरं, पण आपला माणूस दिसला की लोक जातातच त्याच्या मागं, टीमचं नाव नंतर बघतात. पुढच्या वर्षी बीडचा सचिन धस, अंडर-१९ वर्ल्ड कपच्या सेमीफायनलला भारत ४ बाद ३२ असताना उदय सहारनसोबत १७१ ची पार्टनरशिप केली, स्वतः ९६. हा अभिमान नाही तर काय आहे हो? जालन्याचा विजय झोल, ४५१ नाबाद मारणारा, अंडर-१९ चा कॅप्टन, त्याला आरसीबीनं, म्हणजे बेंगळुरूच्या टीमनं घेतलं तर जालन्यात बेंगळुरूचे फॅन झाले. सरळ हिशोब आहे.

मुंबईचं म्हणाल तर २०२४ ला मुंबईचा कॅप्टन बडोद्याचा हार्दिक पंड्या आणि चेन्नईचा कॅप्टन आपला पुण्याचा ऋतुराज गायकवाड. मग मराठी टीम कोणती धरायची? वानखेडेवर मुंबईकरांनीच हार्दिकला हूटिंग केलं, स्वतःच्या टीमच्या कॅप्टनला, स्वतःच्या मैदानावर. त्यांना कोणी मातीचा अभिमान शिकवायला गेलं नाही. (पूर्वी इंग्लंडात यॉर्कशायर काउंटीच्या टीमवाले तिथं जन्मलेल्यालाच टीममध्ये घ्यायचे म्हणे, मग १९९२ ला पहिला परदेशी खेळाडू घेतला तो आपला सचिन तेंडुलकर. म्हणजे तिथं पण शेवटी जमलंच.)

विदर्भाचं बघा. त्यांची स्वतःची रणजी टीम, २०१७-१८ ला पहिल्यांदा जिंकली, लगेच पुढच्या वर्षी परत, आणि २०२४-२५ ला तिसऱ्यांदा. पहिल्या दोन वेळेस त्यात मुंबईचा वसीम जाफर होता, कोच चंद्रकांत पंडित पण मुंबईचेच, नागपूरकरांनी कुठं विचारलं की बाहेरचे कशाला? कारण टीम त्यांच्या गावात खेळते, त्यांच्या पोरांना तिथं चान्स मिळतो. आमची अशी वेगळी टीम नाही, आमच्या पोरांना बॅगा भरून पुण्याला जावं लागतं, रूम, मेस, अकॅडमीची फी, ज्याच्या बापाला झेपतं तो जातो बाकीचे टेनिस बॉलवर राहतात.

आता मूळ मुद्दा. महाराष्ट्र प्रीमियर लीग २०२३ ला सुरू झाली, त्यात छत्रपती संभाजी किंग्ज नावाची टीम आली, हंगरगेकर त्यात, आम्ही खूश. पण सामने कुठं? सगळे गहुंज्याला! संभाजीनगरच्या नावाची टीम आणि संभाजीनगरच्या माणसानं तिची मॅच बघायला अडीचशे किलोमीटर जायचं, आणि नांदेडच्यानं तर विचारूच नका. रत्नागिरीचं, कोल्हापूरचं पण तेच, पण ते त्यांचं ते बघतील. म्हणे जूनमध्ये दुसरीकडं सोय नाही. अहो जूनमध्ये गहुंज्याला पाऊस, पहिल्याच वर्षीची फायनल वाहून गेली आणि रत्नागिरीला पॉइंटच्या जोरावर कप द्यावा लागला. आमच्याकडं जूनमध्ये लोक पावसाची वाट बघत आभाळाकडं डोळे लावून बसतात, मॅच रद्द व्हायची भीती सगळ्यात कमी इथंच. फ्लडलाईटची अडचण असेल तर दिवसा खेळवा, उन्हाचं आम्हाला काही नवल नाही.

काकांना खरंच मातीचा अभिमान पाहिजे असेल तर त्यांनी पोरांच्या जर्स्या मोजण्यापेक्षा क्रिकेट असोसिएशनला एक पत्र लिहावं, मी पण सही करतो. सगळे नको, दोन सामने संभाजीनगरला द्या, एक नांदेडला, तिकीट पन्नास रुपये ठेवा. किती लोक येतात आणि कोणत्या रंगात येतात ते तिथंच मोजू.

आपला,
एक वाचक, नांदेड