पहाटे भेटलेल्या सगळ्यांचे आभार

परक्या शहरात भल्या पहाटे पायी हिंडताना ज्यांनी मला सांभाळून घेतलं, त्यांचे मनापासून आभार. नावं ठाऊक नाहीत, म्हणून हे असं जाहीर.

सगळ्यात आधी रस्ता झाडणाऱ्या मावशी. सूर्य क्षितिजाखाली 6 अंशांवर आला की दिव्याशिवायही वाट दिसू लागते; त्या मात्र त्याच्याही आधीपासून कामाला लागलेल्या. मी मोबाइलवरच्या नकाशात डोकं खुपसून उभा. त्यांनी खराटा काखेत धरला, हाताने वळण दाखवलं आणि बजावलं, "त्या गल्लीत कुत्री अंगावर येतात, पुलावरून जा." कुठलं ॲप सांगणार हे?

रात्रपाळी संपत आलेल्या वॉचमनकाकांनी जुन्या इमारतीच्या फाटकाशी निवांत उभं राहू दिलं. ऊन आधी वरच्या मजल्याच्या कोपऱ्यातल्या खिडकीवर येतं, तिथेच बघत राहा म्हणाले. अगदी तसंच झालं.

पहिल्या बसच्या ड्रायव्हरदादांनी थांबा नसताना गाडी थांबवली. नियमात बसत नसेल, पण मी धावत आलो होतो खरा!

आणि फुटपाथवर पेपरात पुरवण्या घालत बसलेल्या मुलांनो, तुमचे गठ्ठे तुडवले गेले नाहीत ते तुम्ही वेळेत ओरडलात म्हणून. थँक्यू रे!