मकरपुऱ्याच्या काकांचे जाहीर आभार

वडोदरा

ती. काका,
सा. न. वि. वि.

कपलिंगच्या (दोन शाफ्ट जोडणाऱ्या भागाच्या) हबचं ते काम तुम्हाला आठवत असेल. बोअर (मधलं भोक) मापात, भोकांचा पीसीडी (भोकांची केंद्रं ज्या वर्तुळावर येतात त्याचा व्यास) मापात, तरी जुळणीच्या वेळी डॉवेल (जागा पक्की करणारी पिन) शिरेना. सगळ्यांचा संशय मशीनवर. तुम्ही आधी ड्रॉइंग मागितलंत आणि विचारलंत, "हा जॉब बोअरभोवती फिरला तर त्याला अडवतंय कोण?"

कोणीच अडवत नव्हतं. कीवेपासून (चावीच्या खाचेपासून) भोकाचा कोन ३० अंश लिहिला होता, तोही जनरल टॉलरन्सवर (ड्रॉइंगवरच्या सरसकट सुटीवर) सोडलेला. तुम्ही कागदाच्या कडेला पेन्सिलीने मांडलंत: अर्धा अंश सरकला तर ६० मि.मी. त्रिज्येवर ०.५२ मि.मी. डॉवेलला एवढी फट कुठून मिळणार!

मग तुम्ही डेटम (मोजण्याचे आधार) लावून दाखवलेत. बोअर लांब, म्हणून पहिला डेटम बोअरचा अक्ष. (बोअर आखूड आणि फ्लँज, म्हणजे पसरट कडा, मोठा असता तर आधी फेस, म्हणजे सपाट तोंड, घ्यायचा, जॉब प्रत्यक्षात कशावर बसतो ते बघून.) दुसरा फेस, तिसरा कीवेचं मध्यप्रतल. तिसरा लागला की जॉबचं फिरणं बंद. या तिघांवरून भोकांना पोझिशन टॉलरन्स (नेमक्या जागेपासून किती सरकलं तर चालेल ती मर्यादा) दिला की कोन वेगळा सांभाळावा लागत नाही. ग्राहकाने ड्रॉइंग तसं बदलून दिलं आणि आता डॉवेल नीट बसतात.

शाफ्टचंही तुमच्यामुळेच उमगलं. आम्ही तो सेंटरमध्ये (दोन्ही टोकांच्या टोकदार आधारांत) धरून तपासायचो. तुम्ही म्हणालात, शाफ्ट चालतो बेअरिंगवर, मग मोजायचाही तिथूनच. दोन्ही बेअरिंग सीट (बेअरिंग बसतात त्या जागा) मिळून एक डेटम. सरफेस प्लेटवर दोन व्ही-ब्लॉक (व्ही आकाराच्या खाचेचे ठोकळे), शाफ्ट पुढेमागे सरकू नये म्हणून एका टोकाला सेंटरच्या भोकात स्टीलचा बॉल, आणि मग डायल (काट्याचं मापक). काटा ०.०४ मि.मी. फिरला तर अक्ष ०.०२ मि.मी.ने सरकलेला, पण सीट गोल असेल तरच. सीट तीन बाजूंनी फुगलेली असेल तर व्ही-ब्लॉक फसवतो, म्हणून गोलाई वेगळी बघायची, हे तुम्ही ठासून सांगितलंत.

कॉन्सेंट्रिसिटीचं (समकेंद्रतेचं) चिन्ह अमेरिकेच्या वाय १४.५ या ड्रॉइंगच्या मानकातून २०१८ साली काढलं, तरी ते लिहिलेली ड्रॉइंगं आजही येतात. तुमच्या सांगण्यावरून आता मी ग्राहकाला फोन करून विचारतो, तुम्हाला रनआउट (जॉब फिरवताना पृष्ठभाग किती डगमगतो ते) हवाय का पोझिशन? बहुतेक वेळा उत्तर रनआउट असतं, आणि तो डायलने लगेच तपासता येतो.

ड्यूटी संपल्यावर, चहासुद्धा न घेता, तुम्ही हे सगळं शिकवलंत. इथल्या टर्नर-फिटर पोरांपर्यंत ते पोहोचावं म्हणून जाहीर लिहितोय. काकूंना नमस्कार सांगा. दिवाळीत दांडिया बाजारात घरी येतो, नव्या रोटरचं ड्रॉइंगही आणतो.

आपला कृतज्ञ,
जीआयडीसीतला एक क्वालिटी इन्स्पेक्टर