तो चिखल सडलेला नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या खाडीच्या मुखातला गाळ काढण्याचं काम दिवाळीनंतर सुरू होणार, ही बातमी आपल्या अंकात वाचली. काम व्हायलाच हवं. सुकतीला बोटी रुततात आणि भरती येईस्तोवर मासळीवरचं बर्फ वितळतं, हे जेटीजवळ राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. माझी तक्रार बातमीतल्या एका शब्दाबद्दल आहे. ‘सडलेला गाळ’ असं त्यात तीनदा छापलंय. आणि सडलेलाच आहे तर टाका कुठेही, या हिशेबाने तो किनाऱ्यालगतच्या सखल जागेत भराव म्हणून टाकायचं ठरलेलं दिसतं. पण हा चिखल सडायचा राहून गेलाय, म्हणून तर तो काळा आहे.

मी चोवीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होते, त्यामुळे जरा खोलात शिरते. सुकतीला खाडीत उतरून कोयतीचं टोक चिखलात खुपसून बघा. वरचा थर तपकिरी, जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढ्या जाडीचा. त्याखाली काजळ. प्राणवायू पोचतो तो त्या तपकिरी थरापुरताच. खालच्या जिवाणूंना खायला मेलेलं शेवाळ आहे, कांदळाची पानं आहेत, पण श्वासाला प्राणवायू नाही. मग ते आधी नायट्रेटवर भागवतात, ते संपलं की मँगनीज आणि लोखंडाच्या ऑक्साइडवर, आणि शेवटी सल्फेटवर. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे 2.7 ग्रॅम सल्फेट असतं, त्यामुळे त्याला तोटा नाही. त्यातून हायड्रोजन सल्फाइड सुटतो. कुजक्या अंड्यांचा वास तो हाच. तोच लोखंडाशी जुळला की चिखल काळा पडतो. सल्फेटही संपतं तिथे, आणखी खाली, मिथेन तयार होतो. एकेक पायरी उतरावी तशी जिवाणूंच्या पदरात पडणारी ऊर्जा कमी होत जाते, आणि चिवट भाग तसाच मागे उरतो.

या न कुजता उरलेल्या चिवट भागातला कार्बन टिकतो तो प्राणवायू नसल्यामुळे की मातीच्या कणांमुळे, यावर शास्त्रज्ञ अनेक वर्षं भांडले आहेत. मला वाटतं दोन्ही बाजू खऱ्या आहेत. चिकणमातीचा कण बारीक, त्याला पृष्ठभाग भरपूर. त्याला चिकटलेला सेंद्रिय अंश जिवाणूंच्या तावडीत सहज सापडत नाही. लोखंडाचंही तसंच. जगभरच्या समुद्रतळाचे नमुने तपासून 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तिथल्या सेंद्रिय कार्बनचा सुमारे पाचवा हिस्सा लोखंडाला बांधलेला आढळला. आषाढात आपल्या ओहोळांना येणारं तांबडं पाणी आठवा. तो तांबडेपणा जांभ्यातल्या लोखंडाचाच.

प्राणवायूच्या बाबतीत तर अरबी समुद्र जगावेगळा. साधारण 150 ते 1000 मीटर खोलीवर त्यात प्राणवायू जवळपास नसतोच. शिवाय पावसाळ्याच्या अखेरीस खालचं असं पाणी आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या उथळ भागातही चढतं. दोना पावल्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 2000 साली याबद्दल जगाचं लक्ष वेधलं होतं.

एवढं सगळं असूनही समुद्रात जे उगवतं त्यातला शंभरातला एक भागही तळाशी कायमचा गाडला जात नाही. जो गाडला जातो, त्यातला बहुतेक किनाऱ्यालगतच्या पट्ट्यातच. 1974 साली मुंबई हायला सापडलेलं तेल हे अशाच, कोट्यवधी वर्षांपूर्वी गाडल्या गेलेल्या चिखलाचं देणं आहे. त्याला कोणी सडका म्हणत नाही.

आता घरचा अनुभव. दोन वर्षांपूर्वी जेटीमागे असाच थोडा गाळ काढून ढीग घातला होता. आठ दिवसांत काळ्याचा गंजासारखा तांबूस झाला. कार्बनला हवा लागली की त्याचं राहिलेलं कुजणं पुन्हा सुरू होतं, आणि सल्फाइडचं हळूहळू सल्फ्युरिक आम्ल बनतं. चार महिन्यांनी ढिगाच्या भेगांत पिवळट पापुद्रे दिसायला लागले. ओल्या मातीला निळा लिटमस लावला तर लाल. गंमत म्हणजे जिथे शिंपल्यांचा चुरा होता तिथे लिटमस निळाच राहिला. शिंपल्यांच्या चुन्याने आम्ल मारलं होतं. आमच्या यजमानांनी माझं न ऐकता चार घमेली नव्या माडाच्या आळ्यात टाकली. त्या माडाच्या झावळ्या पिवळ्या पडल्या त्या आम्लाने की मिठाने, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही.

ट्रॉलरच्या जाळ्यांनी तळ ढवळून किती कार्बन सुटतो याचा एक मोठा आकडा 2021 साली गाजला होता. पुढे इतर शास्त्रज्ञांनी तो फार फुगवलेला असल्याचं दाखवलं, म्हणून तो इथे देत नाही. आणि 1 जून ते 31 जुलैच्या बंदीत मच्छीमार तसाही पोळलेला असतो, त्याच्या माथी आणखी एक पाप नको. मी बोलतेय ते फक्त खाडीतून उपसून उन्हात टाकायच्या चिखलाबद्दल.

तेव्हा संबंधितांनी बोटींच्या वाटेपुरताच गाळ काढावा. काढलेला शक्यतो पाण्याखालीच, शांत जागी सोडावा. जमिनीवर टाकणं भागच असेल तर आधी त्यातलं सल्फाइड तपासावं आणि चुना किती लागेल ते ठरवावं. आणि ती ‘सखल जागा’ म्हणजे नेमकी कुठली, हे आपण छापावं. आमच्याकडे सखल म्हटलं की निम्म्या वेळा तिथे कांदळवन असतं, आणि कांदळवनावर भराव टाकायला मुंबई उच्च न्यायालयाने 2018 साली स्पष्ट मनाई केलेली आहे.

जेटीमागचा ढीग अजून तिथेच आहे. यंदाच्या पहिल्या पावसात त्याच्या बुडातून झिरपलेलं पाणी मी बाटलीत भरून ठेवलंय, लिटमसच्या पट्ट्याही आहेत. आपल्या वार्ताहरांना कधीही पाठवा, चहाच्या वेळी आले तर बरं.

आपली नियमित वाचक,
निवृत्त प्रयोगशाळा सहायक, ता. दापोली, जि. रत्नागिरी